240व्या भागाचं परीक्षण कोण लिहिणार?

गेल्या हिवाळ्यात सांगलीच्या विश्रामबागेत एका व्याख्यानाला गेले होते. विषय होता आजची करमणूक आणि समाज. व्याख्याते निवृत्त प्राध्यापक, वाणी ओघवती. तासाभराच्या भाषणात निम्मा वेळ ते मराठी मालिकांवर बोलले. दागिने घालून झोपणाऱ्या बायका, दाराआडून ऐकणाऱ्या जावा, दुधात काहीतरी कालवणाऱ्या सासवा. सभागृह हसत होतं. माझ्या पुढच्या रांगेत माझ्याच दोन गिऱ्हाइक बायका बसल्या होत्या. त्यांची रोजची मालिका कुठली, हे मला माहीत आहे, कारण ब्लाउज न्यायला आल्या की आम्ही तिच्याबद्दलच बोलतो. त्याही हसत होत्या.

शेवटी प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी उठले. विचारलं, "सर, सध्या तुम्ही कुठली मालिका बघता?"

ते म्हणाले, "बाई, मी असलं काही बघत नाही."

या उत्तराला टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला अजून खुपतात. याच सांगलीत एखाद्याने नाटकावर भाषण करावं आणि विचारल्यावर सांगावं की मी नाटकं बघत नाही, तर त्याच्या हातातला माईक लोकांनी काढून घेतला असता. मालिकेवर बोलताना मात्र न बघणं हीच लायकी ठरते. ज्याने पाहिलं नाही तो शहाणा आणि जी रोज बघते तिच्या मताला किंमत नाही. माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. मालिकांवर टीका व्हायला हवी, आज होते त्याच्या दसपट व्हायला हवी, पण ती बघणाऱ्याने करायला हवी.

मी गावभागात शिवणकाम करते, 22 वर्षं झाली. बाहेरच्या खोलीत मशीन आणि त्याच्यासमोर भिंतीवर टीव्ही. दिवसा कापणं, टाके, काज-हुक, संध्याकाळी फॉल. साडीचा फॉल हाताने लावायचा असतो, आणि माझ्या हाताला एका फॉलला साधारण अर्धा तास लागतो. म्हणजे एक फॉल, एक भाग. संध्याकाळी सातपासून रात्री साडेनऊपर्यंत मी आणि सासूबाई मालिका बघतो. खरं सांगायचं तर सासूबाई बघतात आणि मी ऐकते. डोळे सुईवर असतात.

ही गोष्ट टीकाकारांना कळत नाही, कारण ती बाहेरून दिसत नाही. "अहो, तुम्ही वकिलांना भेटून आलात? म्हणजे उद्या सकाळी कोर्टात तारीख आहे!" असलं बोलणं मालिकेत असतं आणि त्यावर विनोद होतात, की समोरच्याला जे माहीत आहे तेच त्याला का सांगायचं? पण ते समोरच्याला सांगितलेलं नसतंच. ते मला सांगितलेलं असतं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाल्यामुळे ज्या बाईचं मागचं वाक्य हुकलं, तिला सांगितलेलं असतं. माझी मान खाली असते, तिची पाठ टीव्हीकडे असते. मालिका लिहिणाऱ्याला आपला प्रेक्षक काम करतोय हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो कानासाठी लिहितो. एकाच वाक्यावर तीन वेळा ढगांचा गडगडाट आणि चार चेहरे, हेही त्यातूनच आलं असावं. आवाज ऐकला की मान वर करायची, ही आमची खूण आहे.

हे कारण झालं, सफाई नव्हे. कानासाठी लिहूनही चांगलं लिहिता येतं. माझ्याकडे त्याचं एक माप आहे. मालिका चालू असताना माझी सुई कधी थांबते? गडगडाटाला थांबत नाही, त्याची सवय झाली. 'लागिरं झालं जी'मध्ये कमल ठोके यांची जिजी नातवाला नुसती 'अज्या' अशी हाक मारायची, तेव्हा थांबायची. त्या हाकेत माझ्या माहेरची आजी होती. कमलताई मुळात शाळेत शिकवणाऱ्या. 2020 साली त्या गेल्या, तेव्हा आमच्या खोलीत त्या दिवशी मशीन चालली नाही. आता या हाकेवर, त्या आवाजावर, त्यात काय होतं यावर कुणी चार ओळी नीट लिहिलेल्या मला कुठे दिसल्या नाहीत. निधनाची बातमी आली. बस.

मालिकांबद्दल छापून काय येतं ते बघा. एक तर प्राध्यापक साहेबांसारखी हेटाळणी. नाहीतर नायिकेचा साखरपुडा, नायकाची नवी गाडी, सेटवरचा वाढदिवस. आणि दर आठवड्याला टीआरपीचा आकडा: कोण पहिली, कोण घसरली. नवी मालिका सुरू झाली की पहिल्या आठवड्यात एखादं परीक्षण येतं, तेही पहिले दोन-तीन भाग बघून. नाटकाचं परीक्षण पहिल्या प्रयोगानंतर चालतं, कारण नाटक त्या रात्री पुरं झालेलं असतं. मालिका पहिल्या आठवड्यात पुरी कुठे झाली? आठवड्याला सहा भाग, वर्षाला तीनशेच्या आसपास, जाहिराती वगळून भाग सुमारे 22 मिनिटांचा. शंभरावर तासांचा ऐवज होतो तो. दोन-तीन भागांवरून त्याचं मत देणं म्हणजे कापडाचा काठ बघून ब्लाउजच्या बसण्याबद्दल बोलणं. मालिका खरी कळते ती दोनशे चाळिसाव्या भागाला, जेव्हा मूळ गोष्ट संपलेली असते आणि वाहिनीला ती संपवायची नसते. त्या भागाचं परीक्षण कुणीच लिहीत नाही.

टीआरपीचा आकडा हे परीक्षण आहे असं वाहिन्या धरून चालतात. तो कसा निघतो? बार्क या संस्थेने देशभरात निवडलेल्या 50 हजारांहून जास्त घरांत मीटर बसवलेले आहेत. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतो. घरातल्या प्रत्येकाला एक बटण दिलेलं असतं. बघायला बसलं की दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. ती घरं कुठली हे गुपित ठेवतात आणि ठेवायलाच हवं. पण तो मीटर एवढंच सांगतो की टीव्ही चालू होता आणि माणूस खोलीत होता. माझ्या घरी मीटर असता, तर मी ऐकतेय की कंटाळलेय, सासूबाई रडतायत की झोपल्यायत, हे त्याला कळलं नसतं. सुई थांबल्याचं तर नाहीच नाही. आणि मग आकडा चढला की गोष्ट ताणायची. 'चार दिवस सासूचे' 2001 ला सुरू झाली ती 2013 पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग. माझं लग्न, दोन बाळंतपणं, मोठ्याची शाळा, सगळं त्या काळात झालं. उलट 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' 2012 मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली, गोष्ट होती तेवढीच सांगून. आजही गिऱ्हाइकं तिचं नाव काढतात. संपलेली गोष्ट लक्षात राहते, हे मी वाहिनीला ओरडून सांगायला तयार आहे. पण माझं ओरडणं नेणारा मधला माणूस, म्हणजे समीक्षक, जागेवर नाही.

टीका करायला आम्हाला येत नाही असं कुणी समजू नये. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, कोरेगाव तालुक्यातलं, सासर सांगलीचं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय करायलीस गं?" मला क्षणभर उमगलंच नाही, कारण आमच्याकडे म्हणतात "काय करतीयास?" सासूबाई स्वतःबद्दल बोलताना "मी आलो", "मी जेवलो" म्हणतात, इकडच्या जुन्या बायका म्हणतातच तसं. पुढे जतकडे गेलं की बोलण्यात कानडी हेल येतो, शिराळ्याकडे गेलं की ती भाषा आणखी निराळी. दोन जिल्ह्यांत एवढे आवाज आहेत. मालिकेतल्या गावात मात्र एकच भाषा असते. 'न्हाय', 'व्हय', 'गं बया' पेरले की झालं गाव तयार. गेल्या काही वर्षांत सातारा-वाई भागात कितीतरी मालिकांचं चित्रीकरण झालं, तिथली माणसं पडद्यावर आली, माझ्या भाच्याच्या मित्रांना गर्दीत उभं राहण्याचे पैसे मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे. 'लागिरं' हा शब्द मुंबई-पुण्याच्या घरांत गेला; आमच्याकडे तो भुताने झपाटलेल्याला वापरतात, प्रेमाने झपाटलेल्यालाही तो किती शोभतो हे सगळ्यांना कळलं. म्हणूनच दुःख जास्त होतं. कॅमेरा साताऱ्यात आला आणि कान मुंबईतच राहिला. सांगलीकडची बाई पडद्यावर "मी जेवलो" म्हणाल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

दुसरी गोष्ट 'देवमाणूस'ची. वाई भागात 2016 साली उघडकीला आलेल्या हत्यांच्या प्रकरणाशी तिचं नातं सांगितलं गेलं. मी ती मालिका सोडली नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. काम उत्तम होतं, भीती खरी वाटायची. पण अधूनमधून गावकऱ्यांचे विनोद सुरू झाले की मला गिळवत नसे. ज्यांची माणसं गेली ती घरं इथून दोन-तीन तासांवर आहेत, त्यांच्याही भिंतीवर टीव्ही असणार. खऱ्या दुःखाच्या इतक्या जवळून गोष्ट उचलली, तर ती किती लांब न्यायची, त्यात हशा कुठे चालतो आणि कुठे नाही, हा फार गंभीर प्रश्न होता. तो प्रश्न चार जाणत्या माणसांनी भांडून लढवायला हवा होता. पण जाणती माणसं 'आम्ही मालिका बघत नाही' यातच खूश होती.

2020 च्या सप्टेंबरमध्ये ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर साताऱ्यात वारल्या. 'आई माझी काळूबाई'च्या चित्रीकरणाला आल्या होत्या, तिथे कोरोनाने गाठलं. तेव्हा थोडे दिवस चर्चा झाली आणि विझली. रोज एक भाग बाहेर पडायला हवा या घाईत कोण कोण भरडलं जातं, रात्री किती वाजेपर्यंत काम चालतं, उद्याचा प्रवेश लेखकाच्या हातून आज कितीला सुटतो, हे विचारणं हेसुद्धा समीक्षेचंच काम आहे. माझ्याकडे लग्नसराईत एका रात्रीत सहा ब्लाउज मागणारं गिऱ्हाइक येतं, तेव्हा सहाव्या ब्लाउजची बाही कशी होते ते मला माहीत आहे. मालिकेतल्या कितीतरी चुका या सहाव्या बाहीच्या आहेत. त्या दाखवायच्याच, पण घाई कुणी लावली तेही दाखवायचं.

मालिकांचा वाईट परिणाम होतो, असं कळकळीने म्हणणारी माणसं आहेत. त्यांना मी हेटाळणी करणाऱ्यांत धरत नाही. बाईच बाईची वैरीण दाखवणं, नवस-करणीने गोष्टी फिरवणं, गोऱ्या रंगाचा सोस, हे मलाही सलतं. पण त्या टीकेची रीत आमच्या साताऱ्यानेच घालून दिलेली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते बुवाच्या दरबाराला घरबसल्या नावं ठेवत नाहीत. तिथे जातात, गर्दीत बसतात, बघतात, मग नेमकं सांगतात की इथे हा माणूस हे करतो आणि ते असं घडतं. श्रद्धेने आलेल्या बाईला मूर्ख म्हणत नाहीत. मालिकेवर अशी टीका कुणी केली, अमुक मालिका, अमुक भाग, हा प्रवेश, यात हे खोटं आहे, तर मी पहिली ऐकेन. 'सगळ्याच मालिका तसल्या' या वाक्यात मालिकेपेक्षा आम्हा बघणाऱ्या बायकांचाच अपमान जास्त असतो, आणि तो आम्हाला बरोबर ऐकू येतो. म्हणूनच त्या दोघी सभागृहात हसल्या. हसल्या नसत्या तर आपण त्यातल्याच म्हणून ओळखू येऊ, ही भीती होती त्या हसण्यात.

आपण नाट्यपंढरीचे लोक आहोत, मग हे आपल्याला जास्त कळायला हवं. 1843 साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीतास्वयंवर' केलं, आणि 5 नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन साजरा करतो. पण कसं होतं ते नाटक? सूत्रधार गाणार, पात्रांची भाषणं लिहिलेली नसायची, आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं. राक्षस आरोळ्या ठोकत यायचे, त्यावरून त्या नाटकांना 'अललडुर्र' नाटकं असं हिणवायचे. मालिकेसारखंच घाईचं, भडक, लोकांच्या आवडीचं. तिथून हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदे'पर्यंत, 1899 पर्यंत, मराठी नाटक कुठच्या कुठे गेलं. म्हाताऱ्याशी लग्न लावल्या जाणाऱ्या पोरीचं दुःख त्याने सगळ्या महाराष्ट्राला ऐकायला लावलं. मधे 56 वर्षं गेली. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 1972 साली. म्हणजे मराठी टीव्हीलाही जवळपास तेवढीच वर्षं होत आली. नाटक सुधारलं त्याची कारणं पुष्कळ असतील, पण एक मला स्पष्ट दिसतं: त्या राक्षसांना हसणारी शिकलेली माणसं रात्रभर त्याच मांडवात बसलेली असायची. त्यांच्यातलेच काही उठून स्वतः लिहायला लागले. मालिकांना हसणारी शिकलेली माणसं मांडवाबाहेर उभी आहेत.

2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. मशीनचं डोकं आम्ही माळ्यावर टाकलं, टीव्ही काढायला सवड झाली नाही. विश्रामबागेत नणंदेच्या दोन खोल्यांत आम्ही 14 जण होतो. तिसऱ्या दिवशी लाईट आली आणि सासूबाईंनी, ज्या दोन दिवस एक शब्द बोलल्या नव्हत्या, विचारलं, "तिचं काय झालं असंल गं?" मालिकेतल्या सुनेचं विचारत होत्या. कुणीतरी टीव्ही लावला. याला पळवाट म्हणणारे म्हणोत. घर बुडालेली 72 वर्षांची बाई दुसऱ्या कुणाच्या तरी संसाराची चौकशी करायला लागली, तेव्हा ती परत माणसांत आल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं. जी गोष्ट माणसाच्या इतक्या आत जाते, ती कच्ची, ढिसाळ, खोटी असून कशी चालेल? मालिकेवर कडक टीका हवी असं मी म्हणते ते यासाठी.

'आई कुठे काय करते' सुरू झाली तेव्हा माझ्या खोलीत घटस्फोटाचा विषय उघड निघायला लागला, जो त्याआधी मापं घेताना कुजबुजीतही निघत नसे. पंचविशी ओलांडलेल्या संसारातून बाई बाहेर पडते, हे रोज संध्याकाळी घरोघर बोललं जाऊ लागलं. त्याचं श्रेय त्या मालिकेला द्यायला हवं. आणि घटस्फोट झाल्यावरही गोष्ट त्याच उंबऱ्याभोवती वर्षानुवर्षं घुटमळत राहिली, याचा दोषही द्यायला हवा. पाच वर्षांत आमच्यात यावरून केवढी भांडणं झाली! एक वहिनी म्हणायच्या, आई आहे, पोरांसाठी येणारच. मी म्हणायची, लेखक तिला जाऊ देत नाहीये. ही समीक्षाच होती. वर्तमानपत्रात तिला जागा नव्हती एवढंच.

माझी एक साधी मागणी आहे. भावे नाट्यमंदिरात नाटकांवर परिसंवाद होतात, तसा वर्षातून एक दिवस मालिकांवर व्हावा. मंचावर मालिकेचे कथा-पटकथा-संवाद लिहिणारे असावेत, आणि खुर्च्यांवर रोज बघणारे. इथल्या वृत्तपत्रांनी आठवड्याला एक रकाना रोज मालिका बघणाऱ्या बाईला किंवा बाप्याला द्यावा आणि त्यात लग्न-वाढदिवस छापू नयेत. आमच्यातल्या पुष्कळ जणी लिहितील. माझ्या मापाच्या वहीची मागची पानं गेली सहा वर्षं भरतायत: तारीख, मालिका, कुठे सुई थांबली, कुठे वैताग आला.

परिसंवाद झाला तर माझा पहिला प्रश्न तयार आहे. माधवनगरला एकटीने खोली घेऊन राहणारी एक गिऱ्हाईक आहे माझी, नवऱ्याचं घर पन्नाशीत सोडलेली. मागे एकदा एका मालिकेत सून तशीच घराबाहेर पडली. भाग जिथे संपला तिथे तिच्या हातात नव्या खोलीची किल्ली होती, आणि दुसऱ्या दिवसाचा भाग सुरू झाला तो थेट सासरच्या दिवाणखान्यात, तिच्यावरून चाललेल्या भांडणाने. ही बाई पाठीची उंची मोजून घेता घेता मला म्हणाली, "त्या खोलीत मी पहिल्या रात्री भडंग खाऊन झोपलो ओ ताई. कुलूप आतनं तीनदा बघितलं." मला त्या लेखकाला विचारायचंय: किल्ली दिलीत, मग ती रात्र का दाखवली नाहीत? तुम्हाला सुचली नव्हती, की सुचलेली कुणी काढायला लावली?